टाचेचा फोड आणि आपली शाबासकी

बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर पडद्याकडे बघायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं, ते महिनाभर निमूटपणे पाळलं. आज मात्र राहवेना. विषय आहे टाच. हसू नका, शेवटपर्यंत वाचा आणि मग हसा.

झालं असं. माझा नातू (मुलीचा मुलगा, इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे) मित्रांबरोबर कळसूबाईला जाऊन आला. बारी गावातून चढले, शिड्या चढले, देवीचं दर्शन घेतलं, संध्याकाळी खाली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. आनंदच आहे. रात्री त्याने आपल्या घरच्या व्हॉट्सॲप गटावर दोन फोटो टाकले. एक शिखरावरच्या देवळाचा. दुसरा त्याच्या दोन्ही टाचांचा. रुपयाएवढे फोड, एक फुटलेला, मोज्याला रक्त लागलेलं. खाली लिहिलं होतं, "ही खरी कमाई!" आणि मग तुमच्यापैकीच काहीजणांनी (नावं घेत नाही, ज्याची त्याला ठाऊक आहेत) लिहिलं, "शाब्बास मावळ्या!", "असेच पाय तयार होतात रे!", "आमच्या वेळी तर अनवाणी चढायचो."

मी तेव्हा गटावर काही लिहिलं नाही. चार ओळींत बसणारं नव्हतं ते. पण माझं म्हणणं असं आहे की ही शाबासकी चुकीची आहे, आणि नुसती चुकीची नाही तर धोक्याची आहे. टाचेला फोड येणं ही चढाईची किंमत नव्हे. तो पायाचा नाजूकपणाही नव्हे. कोणीतरी काहीतरी केलं नाही म्हणून तो येतो, आणि ते करणं सोपं असतं.

आधी भाषेचा मुद्दा, मास्तर आहे ना मी. आपण म्हणतो "जोडा चावला". "नवी चप्पल चावते." शब्द इतका गोड आहे की विचार तिथेच थांबतो. चावणं म्हटलं की दोष जोड्याचा, आणि चावरा प्राणी माणसाळवायचा तसा जोडा माणसाळवायचा, मग त्यात चार-सहा वेळा चावून घेतलंच पाहिजे. मीही अनेक वर्षं असंच समजत होतो. फोड म्हणजे वरून घासून झालेली जखम, अशीही माझी समजूत होती. ती अर्धवट निघाली.

टाचेची वरची कातडी जाड असते. चढावर आपण पाऊल टाकतो, चवड्यावर भार येतो, बुटाचा तळ कडक असल्यामुळे तो पायाबरोबर पुरता वाकत नाही, आणि टाचेचं हाड आतल्या आत वर उचललं जातं. पण घामाने ओली झालेली कातडी मोज्याला चिकटलेली असते आणि मोजा बुटाला. म्हणजे हाड वर निघालं, कातडी जागेवरच. मधले थर ताणले जातात. पाऊल खाली आलं की पुन्हा उलटे. घडीची पोळी कच्ची असताना वरचा पदर बोटाने पुढे-मागे सरकवत राहिलात तर काय होईल? पदर सुटेल. कातडीचंही तेच होतं. वरचा जाड थर शाबूत राहतो, आतला फाटतो, आणि त्या फटीत पाणी भरतं. तळवे, तळहात, टाच अशा जाड कातडीच्या जागीच फोड येतात. पातळ कातडी असते तिथे नुसतं सोलवटतं. हे ताणणं एकदा-दोनदा होऊन काही बिघडत नाही. पण तीन तासांच्या उभ्या चढावर ते किती हजार वेळा होतं याचा हिशोब तुम्हीच करा.

म्हणूनच सपाट रस्त्यावर रोज पाच किलोमीटर फिरणारे माझ्या वयाचे लोक "हे बूट मला मुळीच चावत नाहीत" असं छातीठोक सांगतात आणि सिंहगडाच्या अतकरवाडीच्या वाटेला अर्ध्यात टाच धरून बसतात. सपाटीवर टाच एवढी उचललीच जात नाही. आणि उतरताना गंमत उलटी, पाय पुढे घसरतो, बोटं बुटाच्या टोकावर आपटतात आणि अंगठ्याचं नख काळं पडतं. टाचेचा फोड हा चढाचा रोग आहे. खिरेश्वर भागात माझे जुने विद्यार्थी आहेत, त्यांचे आईवडील टायरच्या चपला घालून आयुष्यभर तोच चढ चढले. काटे लागले, भेगा पडल्या, पण टाचेच्या मागे फोड म्हणून नाही. चपलेला मागची भिंतच नाही, चिकटायला काही नाही, मग फोड येणार कुठून? "त्यांचे पाय तयार होते" हे अर्धंच खरं आहे.

आता खिरेश्वरचं नाव निघालंच आहे तर ते सांगून टाकतो. ही गोष्ट घरात फक्त सौ.ला माहीत आहे.

१९८६ चा डिसेंबर. नववीच्या वर्गाची सहल हरिश्चंद्रगडावर न्यायची टूम मीच काढली होती. पस्तिशीत होतो, अंगात रग होती, इतिहास शिकवत होतो. चाळीस मुलं, आम्ही तीन शिक्षक. खुबी फाट्यावर एस.टी.तून उतरून खिरेश्वर, तिथून टोलार खिंड, वर गड. मुलांच्या पायांत बहुतेक पी.टी.चे कॅनव्हासचे बूट, काहींच्या पायांत चपला. एका मुलाच्या पायांत मात्र नवे कोरे बूट होते. वडिलांनी सहलीसाठी मुद्दाम घेतलेले, आणि अर्थातच एक नंबर मोठे. वाढता पाय! आपल्याकडे मुलाचा शर्ट वाढत्या अंगाचा आणि बूट वाढत्या पायाचा, हा अलिखित कायदा आहे. शर्टाचं ठीक आहे, बाही दुमडता येते. बुटाची टाच कशी दुमडणार?

खिंडीच्या अलीकडेच तो मागे पडायला लागला. मला म्हणाला, "सर, टाच भाजल्यासारखी होतेय." मी काय म्हणालो ते शब्द मला अजून आठवतात. म्हणालो, "मावळे काय बूट घालून लढले का रे? चल." चाळीस मुलं हसली. तोही हसला. त्यानंतर दिवसभर त्याने एक अक्षर काढलं नाही.

गडावर पोचल्यावर, कोकणकड्यापाशी सगळे बसले तेव्हा त्याने बूट काढला. मोजा निघेना. चिकटला होता. मी पाणी ओतून काढला, फोड फुटून कातडी लोंबत होती, ती मी (ऐका आता) नखाने ओढून काढली आणि वर हळद दाबली. दुसऱ्या दिवशी त्याच पायाने त्याला तो चढ उतरवला. चौथ्या दिवशी त्याला ताप भरला, पाय घोट्यापर्यंत सुजला, जांघेत अवधाण आलं. आठ दिवस दवाखान्यात होता. बरा झाला, पुढे शिकला, आता त्याला नातवंडं असतील. त्याचे वडील शाळेत आले तेव्हा मला वाटलं भांडतील. ते एवढंच म्हणाले, "गुरुजी, तुम्ही बरोबर होता म्हणून निर्धास्त होतो."

भांडले असते तर बरं झालं असतं.

असो. तर "शाब्बास मावळ्या" वाचून मला काय झालं असेल ते लक्षात आलं असेल.

कोणी म्हणेल, गुरुजी, एवढ्याशा फोडाचं काय घेऊन बसलात? १९२४ साली अमेरिकेचे अध्यक्ष होते कॅल्विन कूलिज. त्यांचा सोळा वर्षांचा मुलगा व्हाइट हाउसच्या आवारात मोजे न घालता टेनिस खेळला, पायाच्या बोटाला फोड आला, त्यातून रक्तात विष पसरलं आणि आठवड्याभरात मुलगा गेला. देशाच्या अध्यक्षाचा मुलगा, हाताशी हवे तेवढे डॉक्टर! पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती. आज औषधं आहेत, मान्य. पण आज घरोघर मधुमेहही आहे. ज्यांच्या पायाची जाणीव कमी झाली आहे त्यांना फोड आलेला कळतसुद्धा नाही. आपल्या घरात साखर असलेले किती जण "एकदा कळसूबाई करायचीच" म्हणताहेत ते मला ठाऊक आहे. त्यांनी डॉक्टरांना पाय दाखवल्याशिवाय नवे बूट घालून चढ चढू नये, आणि फोड आलाच तर घरी काहीही करू नये. थेट डॉक्टर. शिवाय धडधाकट माणूससुद्धा टाच दुखायला लागली की पाऊल वेडंवाकडं टाकतो, आणि सह्याद्रीतला मुरमाड उतार वेडंवाकडं पाऊल माफ करत नाही.

आता "पाय तयार होतात" या वाक्याकडे येतो. कातडी जाड होते, हे खरं. पण ती हळूहळू, रोज थोडं थोडं चालल्याने होते. फाडून होत नाही. फुटलेल्या फोडाखाली येते ती नवी, कोवळी कातडी. ती पुढच्या रविवारी जास्त लवकर फाटते. आणि घट्ट्याखालीही फोड येतो बरं का, तो अधिक खोल आणि अधिक दुखरा. कॉलेजात एन.सी.सी.त असताना आम्हाला ते जाडजूड चामड्याचे बूट मिळायचे. ते तेल लावून, घालून फिरून मऊ करावे लागत हे बरोबर होतं, कारण चामडं खरोखर मऊ होतं. आजच्या बुटांत प्लास्टिकचे, कृत्रिम धाग्यांचे भाग जास्त. ते फारसे बदलत नाहीत. दुकानात टाचेला बोचतो तो बूट कळसूबाईवरही बोचणार. "वापरून वापरून सैल होईल" हे दुकानदाराचं वाक्य ऐकलं की मला आमच्या शाळेच्या इमारतीचं "पुढच्या वर्षी काम सुरू होईल" आठवतं.

दुकानात काय करतो आपण? दुकानदार बुटाच्या टोकावर अंगठा दाबतो, "अंगठ्याला जागा आहे साहेब", झाली खरेदी. टाच कोणीच बघत नाही. बूट संध्याकाळी घ्यावेत, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. डोंगरात घालणार तेच मोजे घालून बघावेत. आणि दुकानाच्या जिन्यावर चार वेळा चढून बघावं. टाच आत वरखाली होत असेल तर तो बूट कितीही नामांकित असो, परत ठेवावा. महाग बूट म्हणजे फोड नाहीत, हा दुसरा भ्रम. नातवाचे बूट माझ्या पहिल्या पगाराच्या कितीतरी पट महाग आहेत.

पण बसणारा बूटही लेस नीट बांधली नाही तर टाच सोडतोच. नातू मागच्या रविवारी आला तेव्हा त्याला समोर बसवून हे शिकवलं, तेच इथे लिहितो. लेस बांधण्याआधी टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची. बुटाला घोट्याजवळ सर्वांत वर एक जास्तीचं भोक असतं, जे कोणी वापरत नाही. लेस समोरच्या बाजूला न नेता त्याच बाजूच्या या वरच्या भोकात घालायची, म्हणजे दोन्हीकडे एकेक छोटा फास तयार होतो. मग उजवी लेस डाव्या फासातून आणि डावी उजव्या फासातून काढून खाली ओढायची आणि नेहमीची गाठ मारायची. टाच खिळल्यासारखी बसते. भोकांऐवजी आकडे असतील तर पाऊल नडगीला मिळतं त्या वळणावर लेसला एकाऐवजी दोन पिळे द्यायचे, आणि मग वरचे आकडे बांधायचे. नातू म्हणाला, "आजोबा, हे आम्हाला कोणी सांगितलंच नाही." त्यांच्याबरोबर पैसे घेऊन नेणारा एक ट्रेक लीडर होता. त्याने जॅकेटपासून ओळखपत्रापर्यंत सगळ्याची यादी दिली होती. लेसबद्दल अक्षर नाही.

चालण्याचीही पद्धत असते. चवड्यावर उड्या मारत चढलं की टाच जास्त उचलली जाते. छोटी पावलं, शक्य तिथे पूर्ण तळवा टेकवून, नागमोडी वाटेने. ("शॉर्टकट" मारून वाटेची जी धूळधाण होते तो वेगळ्या लेखाचा विषय.)

मोजे सुती नकोत. सुती बरे, घाम शोषतात, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं, माझ्याही होतं. शोषतात खरे, पण धरून ठेवतात, आणि ओली कातडी कोरड्या कातडीपेक्षा जास्त चिकटते. आत एक पातळ कृत्रिम धाग्याचा मोजा आणि बाहेर जाड लोकरीचा किंवा तसाच, अशी जोडी घातली की सरकायचं ते दोन मोज्यांमध्ये सरकतं, कातडी सुटते. फक्त बूट त्या जाडीला धरून घेतलेला हवा. पावसाळ्यात तर पाय दिवसभर भिजलेलेच. माथ्यावर दहा मिनिटं बूट काढून, पाय पुसून कोरडे मोजे घालायला काय हरकत आहे? सेल्फीला तेवढा वेळ मिळतोच.

आता सर्वांत स्वस्त गोष्ट. औषधाच्या दुकानात कागदी चिकटपट्टी मिळते, मायक्रोपोर म्हणून, जखमेवर कापूस धरायला वापरतात ती. स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी वाळवंटांतून सहा टप्प्यांत २५० किलोमीटर धावणाऱ्या १२८ जणांवर तिचा प्रयोग केला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. पायाचा काही भाग पट्टी लावलेला, काही मोकळा. पट्टीखाली फोडांचं प्रमाण ४० टक्क्यांनी कमी निघालं. शंभर टक्के नव्हे, हे लक्षात घ्या, म्हणून बाकीचं सगळंही करायचं. निघण्याआधी, घरीच, कोरड्या टाचेवर, सुरकुती न पाडता, कडा गोल कापून लावायची. व्हॅसलीन लावलं असेल तर पट्टी चिकटणार नाही. व्हॅसलीन लावणाऱ्यांना सांगतो, पहिला तासदोन तास गुळगुळीत वाटतं, मग ते जिरतं आणि पुन्हा चिकटायला लागतं. घाम थांबवणारं औषध पायाला लावण्याचाही एक प्रयोग अमेरिकेत लष्करी छात्रांवर झाला, १९९८ मध्ये छापून आला. २१ किलोमीटर चालल्यावर साध्या द्रव्याच्या गटात ४८ टक्क्यांना फोड, औषधाच्या गटात २१ टक्क्यांना. पण औषधवाल्यांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या पायांची आग झाली. मी तरी पट्टीच निवडीन.

हे सगळं करूनही टाच गरम वाटायला लागली तर? तर थांबायचं. तिथल्या तिथे. फोड अचानक येत नाही. आधी टाच भाजल्यासारखी होते, आणि तो इशारा मिळाल्यावर बूट काढून, टाच कोरडी करून, पट्टी लावून, लेस घट्ट केली तर बहुतेक वेळा पुढचं टळतं. पाच मिनिटांचं काम. आणि नेमकी हीच पाच मिनिटं गटात मिळत नाहीत. मागे राहणारा लाजतो, पुढचे हाका मारतात, कोणीतरी विनोद करतो. मीच केला होता. पहिल्या महायुद्धात खंदकांत ब्रिटिश सैनिकांचे पाय सडायला लागले तेव्हा सैन्याने "पाय तयार करा" असं सांगितलं नाही. शिपायांचे पाय तपासायची जबाबदारी अधिकाऱ्यांवर टाकली. पाय बिघडले तर जाब अधिकाऱ्याला. इतिहास शिकवणाऱ्या माणसाला हे १९८६ साली सुचायला हवं होतं, मावळे सुचले. शिवाजी महाराजांनी दुसऱ्या दिवशी चालता न येणाऱ्या मावळ्याला फोडाबद्दल शाबासकी दिली असती, असं कोणाला वाटतं का?

फोड आलाच तर, थोडक्यात. लहान असेल तर हात लावू नका, झाका. मोठा, दुखरा असेल आणि चालणं भागच असेल तर जंतुविरहित केलेल्या सुईने कडेला बारीक छिद्र पाडून पाणी काढा, पण वरची कातडी तशीच ठेवा, तीच सर्वांत चांगली मलमपट्टी. सुईदोरा ओवून दोरा आत ठेवण्याची जुनी पद्धत सोडा, दोऱ्यावरून घाण आत जाते. हळद नको, टूथपेस्ट नको. लाली पसरली, पू झाला, ताप आला तर दवाखाना.

नातवाचे फोड आता वाळले आहेत. पुढच्या महिन्यात त्यांचा गट हरिश्चंद्रगडाला चालला आहे, खिरेश्वरच्याच वाटेने. त्याला मी कागदी पट्टीची दोन रिळं दिली. "दोन कशाला आजोबा?" म्हणाला. म्हटलं, एक तुझं. दुसरं खिंडीच्या अलीकडे जो मागे पडेल त्याचं.